जुनी पुस्तके मोबाईलवरून घेताना



जयंतीचा महिना सरला की आपल्या घरांत दोन खर्च एकदम उभे राहतात. एकीकडे लग्नसराई, दुसरीकडे जूनमधली शाळा-कॉलेजे. त्यात दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि पास झालेल्या भाच्या-पुतण्यांना काहीतरी द्यावेच लागते. अशा वेळी घरातली मुलगी आईच्या पुढे मोबाईल धरते. "आई, हे बघ. साडेचारशेचं पुस्तक दीडशेला मिळतंय. जुनं आहे, पण चांगलं आहे." आई किंमत पाहून खूष होते आणि 'जुनं' हा शब्द ऐकून गप्प होते. स्वतःच्या पोरीला एक वेळ चालेल, पण नणंदेच्या मुलाला जुने पुस्तक भेट कसे द्यायचे?

या गप्प होण्याबद्दल आधी बोलू, व्यवहाराचे नंतर.

आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेले कपडे घातले. शिळे तुकडे पदरात घेतले. मढ्यावरचे कापडदेखील वाट्याला आले. ते घ्यावेच लागे, नको म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून आपल्यातल्या कित्येक माउल्या आजही जयंतीला लेकराच्या अंगावर नवाच कपडा घालतात, मग त्यासाठी उसने पैसे आणावे लागले तरी चालतील. शिकलेली पोरे याला हसतात. त्यांनी हसू नये. ज्या घराने 'जुने' या शब्दाची किंमत मोजली आहे, त्या घराला तो शब्द टोचणारच.

मात्र पुस्तकाचा हिशेब मला वेगळा वाटतो. उतरलेला कपडा देणाऱ्याच्या मर्जीने येत असे. पुस्तक आपण शोधतो, दहा ठिकाणी भाव पाहतो, पैसे मोजतो आणि नको असेल तर सोडून देतो. शिवाय ज्याच्या हाती ते आधी होते, त्याने वाचल्यामुळे त्यातला मजकूर काही कमी होत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत होते. तेथे त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, आणि ती जुन्या बाजारातली होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे १९१७ साली ते लंडनहून परत निघाले, तेव्हा सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. त्यात पुस्तकेही होती. महायुद्ध चालू होते. पाणतीराने ती बोट बुडाली. त्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले आणि त्याच पैशांतून बडोद्याला जाण्याची सोय झाली. न्यूयॉर्कच्या दुकानांत ती जुनी पुस्तके हाताळणाऱ्या त्या विद्यार्थ्याला, ही कोणाची उतरलेली आहेत, असा प्रश्न पडला असेल असे मला वाटत नाही.

तरीही भेट देताना समोरच्याचे मन पाहावे. लग्नात, नामकरणात आणि ज्या घराशी आपले फार जाणे-येणे नाही तेथे नवेच पुस्तक द्यावे, लहानसे असले तरी चालेल. जवळच्या माणसाला जुने द्यायचे तर लपवून देऊ नये. "तुला हवं होतं ते बाजारात मिळत नाही, म्हणून जुनं शोधून आणलं," असे सरळ सांगावे. ते ऐकून कोणी नाक मुरडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. किमतीची चिठ्ठी तेवढी खरडून काढावी. आत आधीच्या मालकाचे नाव किंवा "चि. अमक्यास वाढदिवसानिमित्त" असे लिहिलेले असले तर ते पान फाडू नये, फाडलेले पान लगेच दिसते. खाली तारीख घालून आपले दोन शब्द लिहावेत. लहान मुलांच्या बाबतीत मात्र अधिक चोखंदळ असावे. चित्रांत कोणीतरी रंग भरून ठेवले आहेत, कोडी सोडवून ठेवली आहेत, असे पुस्तक मुलाला देऊ नये. त्याचे तोंड उतरते आणि ते ते उघडत नाही. घरातल्या वयस्क माणसासाठी घेताना अक्षराचा आकार विचारावा. जुन्या स्वस्त आवृत्त्यांचे टाइप फार बारीक असतात.

आता बाजाराकडे वळू. मुंबईत फाउंटनचा फूटपाथ, माटुंग्याचे किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर ही नावे आपल्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांना नवी नाहीत. दिल्लीचा दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये तेथून उठला आणि जवळच्या महिला हाटमध्ये गेला. अशा ठिकाणच्या विक्रेत्यांपैकी पुष्कळजण आता मोबाईलवर आले आहेत. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फोटो टाकतो, कोणी इन्स्टाग्रामवर, कोणी अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या साइटवर दुकान मांडून बसला आहे. माल येतो तो बहुतेक रद्दीतून, किलोच्या भावाने. विकला जातो तो मागणी पाहून. त्यामुळे एकच पुस्तक एकाकडे ऐंशीला आणि दुसऱ्याकडे चारशेला असते. यात लबाडीच असते असे नाही. पण घासाघीस करायला जागा असते आणि ती मोबाईलवरही करावी. बायका भाजीवाल्याकडे करतात, येथे मात्र उगीच लाजतात. परदेशातूनही जुनी पुस्तके मागवता येतात. त्यासाठी अ‍ॅबेबुक्स ही जुनी साइट आहे. तेथे पुस्तक स्वस्त दिसले तरी टपालखर्च पुस्तकाच्या वर जातो. पीएच.डी. करणाऱ्याला एखादा ग्रंथ दुसरीकडे कुठेच मिळत नसेल, तरच त्या वाटेला जावे.

फूटपाथवर आपण पुस्तक उचलतो, उलटे करतो, शेवटचे पान आहे ना ते बघतो, वास घेतो. मोबाईलवर हे काम प्रश्न विचारून करावे लागते. साइटवर दिसणारे चित्र पुष्कळदा त्याच प्रतीचे नसते, कुठून तरी उचललेले मुखपृष्ठ असते. म्हणून विक्रेत्याकडून चार फोटो मागवावेत: पुस्तकाचा कणा, आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष छापलेले आतले पान, मधले एखादे उघडे पान आणि शेवटचे पान. जो हे फोटो पाठवायला कंटाळतो, त्याच्याकडून घेऊ नये. 'लाइक न्यू', 'व्हेरी गुड', 'गुड', 'अ‍ॅक्सेप्टेबल' असे शब्द तेथे असतात. इंग्रजीत 'गुड' म्हणजे चांगले, म्हणून माणूस फसतो. या बाजारात 'गुड' म्हणजे चांगलेच वापरलेले: रेघोट्या असतील, कोपरे दुमडलेले असतील, पाने पिवळी असतील. 'अ‍ॅक्सेप्टेबल' म्हणजे वाचता येते, एवढेच. भेटीसाठी 'व्हेरी गुड'च्या खाली उतरू नये. स्वतःच्या अभ्यासासाठी 'गुड' पुरते, आणि कधी कधी आधीच्या हुशार विद्यार्थ्याने मारलेल्या रेघा उपयोगीही पडतात.

पुस्तकाच्या मागे आयएसबीएन म्हणून एक आकडा असतो. २००७ सालापासून तो तेरा अंकी झाला, त्याआधी दहा अंकी असे. मुलाने कॉलेजातून पुस्तकाचे नाव आणले तर हा आकडाही लिहून आणायला सांगावे. नाव टाकून शोधले की भलतीच आवृत्ती, भलताच भाग हाती येतो. आकडा टाकून शोधले की हवे तेच सापडते. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांवर हा आकडा बहुधा नसतो. तेथे नाव एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत टाकून पाहावे, कारण विक्रेते जसे जमेल तसे लिहितात. लेखकाचे नाव आणि प्रकाशनाचे नाव टाकूनही पाहावे. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत आली तर त्यावर रद्द केल्याचा शिक्काही आहे का ते विचारावे. नसेल तर ती प्रत कोणाच्या तरी वाचनालयातून 'हरवलेली' असू शकते.

नकली छपाईचाही येथे सुळसुळाट आहे. गाजलेले इंग्रजी पुस्तक, कोरे करकरीत, शंभर-सव्वाशेला, आणि त्याच विक्रेत्याकडे सगळीच पुस्तके त्याच भावात. असे दिसले की ते जुने पुस्तक नव्हे, चोरून छापलेले आहे. अक्षर फिकट असते, कागद पारदर्शक असतो, कधी मधली सोळा पानेच नसतात. आपण विकत घेतलेली खरी प्रत पुढे विकणे हा कोणाचाही हक्क आहे. चोरून छापणे आणि ते विकणे हा मात्र गुन्हा आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे, कारण येथे मुलांचे वर्ष वाया जाते. स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलाला मामाने हौसेने जुन्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन द्यावा आणि त्यातले निम्मे कालबाह्य निघावे, असे सर्रास होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही त्याच दिवशी बदलला. म्हणजे त्याआधीचे फौजदारी कायद्याचे पुस्तक पोलीस भरतीच्या किंवा वकिलीच्या मुलाला नव्या कायद्याच्या तयारीसाठी उपयोगाचे नाही, मग ते पन्नास रुपयांना का मिळेना. राज्यघटनेवरचे मार्गदर्शक २०१९ च्या आधीचे असेल तर त्यात जम्मू-काश्मीरचे जुनेच चित्र असते आणि आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची १०३ वी घटनादुरुस्ती नसते. २०२३ च्या आधीचे असेल तर महिला आरक्षणाची १०६ वी दुरुस्ती नसते. करांच्या प्रकरणात २०१७ पूर्वीच्या पुस्तकाला जीएसटी ठाऊक नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाले. त्यामुळे मुख्य परीक्षेसाठी पर्यायी प्रश्नांचे जुने संच घेण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. शाळेच्या पुस्तकांचेही तसेच. एनसीईआरटीची सहावीची पुस्तके २०२४ मध्ये आणि सातवीची २०२५ मध्ये बदलली. बालभारतीची पुस्तके तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. जुनी घेण्याआधी ती आणि शाळेतले चालू पुस्तक शेजारी ठेवून पाहावे.

जुने घेऊन पैसे वाचवण्याच्या जागा वेगळ्या आहेत. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचा सराव, इंग्रजी व्याकरण, शब्दकोश, नकाशे सोडून बाकीचा भूगोल, आणि इतिहास. एनसीईआरटीची रामशरण शर्मा आणि बिपन चंद्र यांची जुनी इतिहासाची पुस्तके अभ्यासू मुले आजही शोधत असतात. ही घेताना आवृत्तीची चिंता नको, पाने पुरी आहेत ना एवढे पाहावे.

घरच्या कपाटासाठी पुस्तके घेताना आपल्या लोकांची एका ठिकाणी हमखास लूट होते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड १९७९ पासून काढले. पहिल्या खंडांचे संपादन वसंत मून यांचे. शासनाने ते स्वस्तात दिले. मधून मधून एखादा खंड शिल्लक नसतो आणि मग मोबाईलवर तोच खंड 'दुर्मिळ' म्हणून मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने दिसतो. श्रद्धेपोटी माणूस घेऊन टाकतो. घेण्याआधी चर्नी रोडच्या किंवा आपल्या विभागातल्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करावी. तेथे नसेल आणि वाचायची घाई असेल, तर इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा स्वामित्वहक्क २०१६ च्या अखेरीस संपला. तेव्हापासून ते कोणीही छापू शकतो. त्यामुळे नवी प्रत जुन्यापेक्षा स्वस्त, असा उलटा प्रकार येथे होतो. मात्र छापणारे अनेक झाल्यामुळे मजकूर पुरा आहे का, मध्येच संक्षिप्त केला आहे का, हे पाहूनच घ्यावे.

खरी दुर्मिळ असतात ती दुसरीच पुस्तके आणि ती पुष्कळदा आपल्याच पेटीत असतात. बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चे, नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा' १९७२ चे, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. 'अस्मितादर्श'चे जुने अंक, जयंतीच्या स्मरणिका, गाण्यांच्या चोपड्या. घर रंगवायला काढले की ही पेटी रद्दीवाल्याकडे जाते आणि महिन्याभराने त्यातली एक प्रत मोबाईलवर हजाराला दिसते. रद्दी देण्याआधी पेटी एकदा उघडावी आणि वाचणाऱ्या मुलामुलीला दाखवावी. भगिनींनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९ चे पुस्तक आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' यांवर लक्ष ठेवावे. लेकीला द्यायला यांच्यासारखी भेट नाही, आणि ती पिवळ्या पानांची असली तरी मी बिनदिक्कत देईन.

पैसे देण्याबाबत. अनोळखी विक्रेत्याला पहिल्या खेपेला शंभर-दोनशेच्या वर पाठवू नये. पुस्तक हाती आल्यावर पैसे देण्याची सोय असेल तर तीच घ्यावी. "पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असे कोणी म्हणाले तर फोन ठेवावा. पिन लागतो तो पैसे देताना. आपल्याकडे पैसे येताना कधीच लागत नाही. पाकीट उघडताना मुलाला मोबाईलवर चित्रण करायला सांगावे. चुकीची किंवा फाटकी प्रत निघाली तर तो पुरावा होतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रीच्या साइटने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैसेच लुबाडले गेले तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. हे नियम दुकान मांडून विकणाऱ्यांना लागू आहेत. घरातली चार पुस्तके विकणाऱ्या खाजगी माणसाला ते लागू नाहीत. तेथे आपली सावधगिरी हीच काय ती.

पुस्तक आल्यावर दोन दिवस सावलीत, वाऱ्याला उघडे ठेवावे. पाने झटकून कसर नाही ना ते पाहावे, मगच इतर पुस्तकांत मिसळावे. कव्हर ओल्या फडक्याने पुसू नये, कोरड्या पुसावे.

गावी भाच्याला पाठवायचे असेल तर टपालाची नवी सोय ध्यानात ठेवावी. बुकपोस्टची जुनी नोंदणीकृत सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि कित्येकांनी पुस्तके पाठवणेच सोडले. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. सुरुवातीचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये असे आहेत, कर वेगळा. टपाल रस्त्याने किंवा रेल्वेने जाते, त्यामुळे वेळ लागतो, पण पाकीट कुठवर पोचले ते कळते. साप्ताहिके-मासिके यातून जात नाहीत, आणि पुस्तकावर छापणाऱ्याचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते. काउंटरवर 'ज्ञान पोस्ट' असेच सांगावे, नाहीतर साध्या पार्सलाचे पैसे लागतात.

एका पुस्तकाला पन्नास-साठ रुपये टपालखर्च पडतो तेव्हा जुन्याची स्वस्ताई संपते. तोच विक्रेता सात-आठ पुस्तके एका खोक्यात पाठवतो तेव्हा प्रत्येकी दहा-पंधरा रुपयांत काम होते. यासाठी रविवारी विहारात वंदनेनंतर एकाने वही घेऊन बसावे. कोणाला काय हवे ते, आवृत्तीच्या वर्षासह, लिहून घ्यावे आणि मागणी एकदमच करावी. हे काम बारावी झालेल्या एखाद्या मुलीकडे द्यावे, आणि पैशांची वही महिला मंडळाकडे ठेवावी.